साउथ जॉर्जिया बेटावरील मोडीचें लोखंड व प्रवेशाचा शिक्का
(इ. स. १९७९ ते १९८२)

इ. स. १९८२ च्या एप्रिल ते जून ह्या तीन महिन्यांत दक्षिण अटलांटिक महासागरांत इंग्लंड व आर्जेन्टिना ह्या दोन राष्ट्रांमध्यें जें युद्ध झालें, त्याचें मूळ सांगतांना बहुतेक ग्रंथकार फॉकलंड बेटांच्या स्वामित्वाचा दीडशें वर्षांचा वाद विस्तारानें मांडतात आणि साउथ जॉर्जिया बेटावरील भंगारवाल्यांचें प्रकरण चार ओळींत उरकतात. सैन्यें, जहाजें व विमानें ह्यांच्या हकीकतींपुढें चाळीस मजुरांची कथा क्षुल्लक वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु ज्यांस जुने कागद, शिक्के व दस्तकें पाहण्याची संवय आहे, त्यांस हें प्रकरण वाचतांना निराळीच गोष्ट दिसेल. सदर मजुरांचा त्या लोखंडावरील हक्क इंग्रजांनींही नाकारला नव्हता. त्यांनीं बेटावर उतरूंच नये असेंही कोणीं म्हटलें नव्हतें. वाद होता तो एवढाच कीं, उतरण्यापूर्वीं कोणाच्या दाराशीं जावयाचें, आणि कोणत्या कागदावर कोणाचा शिक्का घ्यावयाचा. ह्या वादाचे टप्पे तारीखवार लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साउथ जॉर्जिया हें बेट फॉकलंडच्या आग्नेयेस सुमारें आठशें मैलांवर, ५४ व्या दक्षिण अक्षांशावर आहे. लांबी शंभर मैलांच्या आसपास. मध्यें बर्फाच्छादित डोंगरांची रांग, तींत पॅजेट नांवाचें शिखर साडेनऊ हजार फुटांहून उंच. झाड म्हणून एकही नाहीं. १७ जानेवारी १७७५ रोजीं कॅप्टन कुक ह्यानें येथें उतरून तिसऱ्या जॉर्जच्या नांवें ताबा घोषित केला व राजाचेंच नांव बेटास दिलें. पुढें सव्वाशें वर्षें सीलची शिकार करणाऱ्यांखेरीज तेथें फारसें कोणी फिरकलें नाहीं.

खरा कागदोपत्री इतिहास सुरू होतो तो देवमाशांच्या धंद्यापासून. इ. स. १९०४ च्या नोव्हेंबरांत लार्सन नांवाच्या नॉर्वेजियन दर्यावर्दीनें ग्रिटविकेन येथें पहिलें ठाणें घातलें. माणसें नॉर्वेचीं, भांडवल ब्यूनॉस आयर्स येथील कंपनीचें, आणि जागा इंग्रज आपली म्हणत होते ती. आर्जेन्टिनाच्या हवामानखात्यानेंही पुढच्याच वर्षीं तेथें आपलें वेधस्थान उघडलें. इ. स. १९०६ पासून सदर कंपनीनें इंग्रज सरकारकडून जागेचा पट्टा घेतला; वार्षिक भाडें २५० पौंड. इ. स. १९०८ च्या राजसनदेनें हें बेट फॉकलंडच्या कारभाराखालीं जोडण्यांत आलें, व १९०९ च्या अखेरीस विल्सन नांवाचा पहिला दंडाधिकारी ग्रिटविकेनजवळच्या किंग एडवर्ड पॉइंट ह्या भूशिरावर येऊन राहिला. जहाजांची नोंद, जकात, टपाल आणि शिकारीच्या नियमांची अंमलबजावणी ही सर्व कामें त्या एका कचेरींत चालत. आर्जेन्टिनानें बेटावर उघड दावा सांगितला तो इ. स. १९२७ मध्यें. पुढील सर्व वादाच्या दृष्टीनें हा क्रम ध्यानांत ठेवणें जरूर आहे. ब्यूनॉस आयर्सच्या कंपनीनें पट्टा घेतला आणि भाडें भरलें, हा इंग्रजांच्या बाजूचा मोठाच पुरावा होता. एका परवान्याचें वजन किती असतें हें दोन्ही पक्षांस त्या काळापासून पुरतें ठाऊक होतें.

इ. स. १९०४ ते १९६५ ह्या काळांत ह्या एका बेटावर १,७५,२५० देवमासे कापले गेले. मासे संपत आले तेव्हां धंदाही संपला. लीथ, स्ट्रॉमनेस, हुस्विक व ग्रिटविकेन येथील कारखाने, तेल कढविण्याच्या भट्ट्या, पंप, बाष्पयंत्रें, तेलाच्या अजस्र टाक्या, धक्के, जहाजदुरुस्तीचीं साधनें, अर्धवट बुडालेलीं शिकारी जहाजें, असें सर्व जागच्या जागीं टाकून माणसें निघून गेलीं. इ. स. १९६९ पासून किंग एडवर्ड पॉइंट येथें ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे ह्या संस्थेचे शास्त्रज्ञ राहूं लागले, आणि त्यांच्या तळाचा प्रमुख हाच दंडाधिकारीही झाला. दिवसां हिमनद्या मोजणाऱ्या मनुष्यानेंच प्रसंग पडल्यास राजसत्तेची मोहर काढावयाची, अशी ही व्यवस्था होती. तिच्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दूरच्या ठाण्यांवर राज्यें अशींच चालतात.

आतां त्या लोखंडाविषयीं. लीथ, स्ट्रॉमनेस व हुस्विक ह्या तीन ठाण्यांचे पट्टे स्कॉटलंडांतील साल्वेसन कंपनीकडे होते. कॉन्स्टांतिनो दाविदोफ नांवाच्या ब्यूनॉस आयर्सच्या भंगारव्यापाऱ्यानें सप्टेंबर १९७९ मध्यें त्या कंपनीशीं करार करून तेथील यंत्रसामग्री मोडून नेण्याचा हक्क मिळविला. करार खाजगी, कायदेशीर व उघड होता. माल नेण्यास जहाज पाहिजे म्हणून दाविदोफनें ब्यूनॉस आयर्समधील इंग्रज वकिलातीकडे जाऊन ‘एन्ड्युअरन्स’ हें इंग्रज आरमाराचें जहाज भाड्यानें मिळेल काय, अशीही चौकशी केली होती. हें जहाज वाचकांनीं विसरूं नये. पुढें तें पुन्हां येणार आहे.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस येथें व्यवहारमयूखांतील एक विवेचन आठवेल. नीलकंठ भट्टांनीं तेथें म्हटलें आहे कीं, राजानें देश जिंकला तरी तेथील घरें, शेतें इत्यादिकांवर त्याचें स्वत्व उत्पन्न होत नाहीं; तीं ज्याचीं त्याचींच राहतात, राजास केवळ करग्रहणाचा अधिकार प्राप्त होतो. वस्तूवरील स्वत्व निराळें आणि भूमीवरील शासनाधिकार निराळा, हा तो विवेक होय. दाविदोफला लोखंडावरील स्वत्व मिळालें होतें. त्या स्वत्वाबरोबर बेटावर मन मानेल तेथें व मन मानेल तसें उतरण्याचा अधिकार आला नव्हता. तो देणें कंपनीच्या हातीं नव्हतेंच. साल्वेसन कंपनी लोखंड विकूं शकत होती, दार उघडूं शकत नव्हती. दाविदोफला हा भेद सुरुवातीपासून समजला होता कीं नाहीं हें सांगणें कठीण आहे, परंतु त्याला जहाजें पुरविणाऱ्या आरमारी अधिकाऱ्यांस तो चांगलाच समजत होता असें पुढील वर्तनावरून दिसतें.

पहिली खेप डिसेंबर १९८१ मधली. १६ डिसेंबर रोजीं दाविदोफ ‘आल्मिरांते इरीसार’ ह्या आर्जेन्टिनाच्या आरमारी बर्फफोड्या जहाजांतून निघाला. वकिलातीस खबर मिळाली ती जहाज निघण्याच्या वेळीं. वाटेंत जहाजानें बिनतारी यंत्र बंद ठेवलें, आणि २० तारखेस तें थेट लीथ येथें जाऊन लागलें. नियम असा होता कीं, बेटावर येणाऱ्या प्रत्येक जहाजानें आधीं किंग एडवर्ड पॉइंट येथें जाऊन नोंद करावी. तें झालें नाहीं. मालाची पाहणी करून मंडळी परत गेली. मागाहून तळाचे लोक लीथला गेले तेव्हां त्यांस भिंतीवर खडूनें स्पॅनिश भाषेंत लिहिलेला मजकूर आढळला. माल्विनास, म्हणजे फॉकलंड, आर्जेन्टिनाचीं आहेत, असा त्याचा अर्थ होता. लोखंड मोजावयास आलेल्या मनुष्याच्या सोबत्यांस असें लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न तेव्हांच पडावयास पाहिजे होता.

तो फॉकलंडचे गव्हर्नर रेक्स हंट ह्यांस पडला. बिनपरवाना उतरल्याबद्दल दाविदोफवर कायदेशीर कारवाई करावी असें त्यांचें म्हणणें होतें. लंडनच्या परराष्ट्रखात्यानें त्यांस आवरलें. ९ फेब्रुवारी १९८२ रोजीं रीतसर निषेध नोंदविण्यांत आला, व तो १८ फेब्रुवारीस आर्जेन्टिनानें फेटाळला. ह्यांत दाविदोफचें वर्तन मात्र पाहण्यासारखें आहे. २३ फेब्रुवारीस तो स्वतः वकिलातींत आला, झाल्या प्रकाराबद्दल त्यानें दिलगिरी दर्शविली, आणि पुढच्या खेपेस काय काय करावें लागेल तें सांगा, अशी विनंती केली. ९ मार्चला त्यानें लेखी कळविलें कीं, ११ मार्च रोजीं ‘बाहिया बुएन सुसेसो’ ह्या जहाजांतून ४१ कामगार चार महिन्यांसाठीं निघत आहेत; बेटावरील इंग्रज शास्त्रज्ञांस कांहीं जिन्नस लागत असल्यास ते पोंचवूं, शिवाय आमच्याबरोबर डॉक्टर व परिचारिका आहेत त्यांचाही उपयोग व्हावा. कपटानें घुसणारा मनुष्य असें पत्र लिहीत नाहीं, असें आमचें मत आहे. मात्र पुढें आर्जेन्टिनाच्या बाजूनें वकिलातीस कळविल्याचीच ढाल करण्यांत आली. आम्ही सांगून आलों, मग आणखी परवाना कसला, असें. इंग्रजांचें उत्तर असें कीं, कळविणें निराळें आणि परवानगी घेणें निराळें. हें उत्तर यथार्थ होतें. परंतु तें मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत जितक्या स्पष्टपणें दाविदोफच्या हातांत पडावयास पाहिजे होतें तितक्या स्पष्टपणें पडलें असें दिसत नाहीं.

१९ मार्च रोजीं शास्त्रज्ञांची एक लहान तुकडी लीथला पोंचली तेव्हां धक्क्याला जहाज लागलेलें, माणसें व सामान उतरलेलें, आणि उंचावर आर्जेन्टिनाचें निशाण फडकत असलेलें त्यांच्या दृष्टीस पडलें. बंदुकीचे आवाज झाले होते व रेनडियर मारले गेले होते. हे प्राणी नॉर्वेजियन शिकाऱ्यांनीं इ. स. १९११ मध्यें मांसासाठीं बेटावर आणून सोडलेले. पुढें त्यांस संरक्षण मिळालें, आणि ह्या प्रसंगीं त्यांची शिकार हा गुन्ह्यांच्या यादींतला एक स्वतंत्र मुद्दा झाला. (त्याच रेनडियरांचा सर्व कळप इ. स. २०१३ पासून दोन वर्षांत बेटाच्या सरकारनेंच मारून संपविला, कारण ते तेथील गवत व पक्ष्यांचीं घरटीं तुडवीत होते.)

गव्हर्नरांचा हुकूम बिनतारी संदेशानें तळाच्या प्रमुखास आला व त्यानें तो जहाजाच्या कप्तानास ऐकविला. हुकूम थोडक्यांत असा: निशाण उतरवावें, लष्करी मनुष्य किंवा हत्यार उतरवूं नये, बेटावरील व्यवस्थेस हात लावूं नये, आणि सर्वांनीं जहाजावर परत चढून किंग एडवर्ड पॉइंट येथें येऊन प्रवेशाचा परवाना घ्यावा. कप्तान म्हणाला, आम्हांस वकिलातीची परवानगी आहे. निशाण उतरलें, किंग एडवर्ड पॉइंटला मात्र कोणी गेलें नाहीं. निशाण हें डोळ्यांस दिसणारें चिन्ह, तें उतरविल्यानें आजचा तंटा मिटतो आणि उद्यां पुन्हां चढवितां येतें. परवान्यावरील शिक्का कागदावर राहतो, आणि पन्नास वर्षांनीं कोणीतरी तो दप्तरांतून काढून पुढें ठेवतो. १९०६ च्या पट्ट्याचा अनुभव ताजा नसला तरी विसरलेला नव्हता.

दरम्यान फॉकलंडच्या राजधानींत, स्टॅन्ली येथें, कांहीं रहिवाशांनीं रात्रीं आर्जेन्टिनाच्या विमानकंपनीच्या कचेरींत शिरून तेथल्या निशाणावर इंग्रजांचें निशाण घातलें आणि दांत घासण्याच्या पेस्टनें मेजावर शिवीगाळीचा मजकूर लिहिला. दोन राष्ट्रांच्या युद्धाच्या कागदपत्रांत दंतमंजनाची नोंद व्हावी हा चमत्कारच. परंतु ब्यूनॉस आयर्समध्यें त्याचें गांभीर्यानें भांडवल झालें.

२१ मार्च रोजीं ‘एन्ड्युअरन्स’ जहाज २२ खलाशी-सैनिक घेऊन स्टॅन्लीहून निघालें. दाविदोफला माल वाहण्यासाठीं भाड्यानें पाहिजे होतें तेंच हें जहाज, आतां त्याचे मजूर उचलून नेण्यासाठीं निघालें होतें. आणखी एक विसंगति अशी कीं, काटकसरीसाठीं तें सेवेंतून काढण्याचा निर्णय इंग्रज सरकारनें १९८१ मध्येंच जाहीर केला होता. कॅप्टन बार्कर ह्यांनीं त्या निर्णयाविरुद्ध वारंवार लिहिलें होतें. दुसऱ्या दिवसापर्यंत ‘बाहिया बुएन सुसेसो’ निघून गेलें. सर्व मंडळी गेली असें लंडनला प्रथम वाटलें, परंतु मजूर मागेंच राहिले होते. २३ मार्चला पार्लमेंटांत मंत्री रिचर्ड ल्यूस ह्यांनीं त्यांस हलविण्याची व्यवस्था होत असल्याचें सांगितलें. आणि लगोलग जहाजास आज्ञा गेली कीं, लीथला न जातां ग्रिटविकेनला थांबावें. हुकूम एकदां उच्चारून त्याची अंमलबजावणी अर्ध्या वाटेंत थांबविणें ह्यापेक्षां तो न उच्चारणें पुष्कळ बरें, असें आम्हांस वाटतें. वाटाघाटीस जागा ठेवावी हा हेतु चांगला होता. पण २२ माणसें ही संख्या धाक दाखविण्यास अपुरी आणि चिडविण्यास पुरेशी होती.

वाटाघाटी कशाविषयीं झाल्या तें आतां पाहूं. कारण प्रकरणाचें मर्म येथें आहे. इ. स. १९७१ मध्यें उभय सरकारांत दळणवळणाचा एक करार झाला होता. त्यान्वयें फॉकलंडला येणाऱ्या आर्जेन्टिनाच्या रहिवाशास पासपोर्टाऐवजीं एक पांढरें कार्ड मिळे. पासपोर्ट दाखविला तर आपण परक्या देशांत आलों असें होतें. न दाखवितां आलें तर इंग्रजांचा अधिकार उरत नाहीं. ह्या दुहेरी अडचणींतून काढलेली ती युक्ति होती, आणि दहा वर्षें ती चाललीही. आतां आर्जेन्टिनाचे परराष्ट्रमंत्री कोस्ता मेंदेस ह्यांचें म्हणणें पडलें कीं, मजुरांजवळ पांढरीं कार्डें आहेत, तेवढीं पुरेत. हंट ह्यांचा आक्षेप असा कीं, करार फक्त फॉकलंडपुरता आहे, साउथ जॉर्जियास तो लागू नाहीं. तेथें पांढरें कार्ड चालवून घेतलें तर जो वाद फॉकलंडविषयीं मान्य केला आहे तोच साउथ जॉर्जियाविषयींही मान्य केल्यासारखें होईल. म्हणून पासपोर्टांवरच शिक्का पडला पाहिजे. लंडननें तोडगा सुचविला कीं, पासपोर्टाला हात न लावतां तात्पुरता प्रवेश-परवाना म्हणून निराळा कागद द्यावा. तोही ब्यूनॉस आयर्सला रुचला नाहीं, कारण कागद कोणताही असला तरी तो घेण्यास किंग एडवर्ड पॉइंटच्या दाराशीं जावें लागणार होतें.

आमच्या वाचकांस ही भाषा अपरिचित नाहीं. कान्होजी आंग्र्यांनीं कोंकणच्या समुद्रांत दस्तक घेतल्याशिवाय गलबत जाऊं देणार नाहीं असें म्हटलें, तेव्हां मुंबईकर इंग्रजांस जाचली ती दस्तकाची रक्कम नव्हे. दस्तक घेणें म्हणजे समुद्राचा धनी कबूल करणें, हें त्यांस जाचलें. कौटिल्यानेंही मुद्राध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. मुद्रेचा आकार एक माषक, आणि मुद्रेवांचून फिरणाऱ्यास दंड बारा पण. खोटी मुद्रा बाळगणारा परदेशीय असल्यास त्यास सर्वांत मोठा दंड. एका माषकानें राज्याचा कोश भरत नसतो. तो आकार कशासाठीं असतो तें वरील पत्रव्यवहार वाचून ध्यानांत येईल.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. २५ मार्चला ‘बाहिया पाराइसो’ ह्या जहाजानें कप्तान आस्तिस ह्याच्या हाताखालीं आरमारी शिपाई लीथला उतरविले. ह्या क्षणीं भंगाराचें प्रकरण संपलें व दुसरें सुरू झालें. बिनपरवाना मजुरांच्या जागीं हत्यारबंद शिपाई आले. २६ मार्चला आर्जेन्टिनाच्या लष्करी मंडळानें फॉकलंडवर उतरण्याचा निश्चय केला. २८ मार्चच्या आपल्या संदेशांत कोस्ता मेंदेस ह्यांनीं ती भूमि आर्जेन्टिनाचीच असल्याचें स्पष्ट लिहिलें; मग परवान्याचा प्रश्नच उरत नव्हता. २ एप्रिलला फॉकलंड पडलें. ३ एप्रिलला लेफ्टनंट मिल्स ह्याच्या २२ माणसांनीं ग्रिटविकेन येथें एक हेलिकॉप्टर पाडलें, ‘गेरिको’ हें लढाऊ जहाज जखमी केलें, आणि मग शरणागति पत्करली. २५ एप्रिलला इंग्रजांनीं तें ठाणें परत घेतलें व दुसऱ्या दिवशीं लीथ येथें आस्तिस शरण आला. कैद्यांत ३९ मजूरही होते. त्यांस मे महिन्यांत उरुग्वेमार्गें घरीं पोंचविण्यांत आलें. १४ जून रोजीं युद्ध संपलें, तोंपर्यंत आर्जेन्टिनाचे ६४९, इंग्रजांचे २५५ आणि फॉकलंडचे ३ रहिवासी एवढीं माणसें मेलीं होतीं.

मजूर हे वेष पालटलेले शिपाई होते काय, हा प्रश्न तेव्हांपासून विचारला जातो. आर्जेन्टिनाच्या आरमाराजवळ ‘आल्फा’ नांवाची साउथ जॉर्जियावर गुपचूप ठाणें घालण्याची योजना होती, व आस्तिसची तुकडी त्या योजनेंतली होती, एवढें खरें. परंतु लीथला उतरलेले लोक यंत्रें मोडावयासच आले होते. दाविदोफनेंही पुढें आयुष्यभर आपण व्यापारी होतों, कोणाचें बाहुलें नव्हतों, असेंच सांगितलें. जानेवारी १९८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या फ्रँक्स समितीच्या अहवालांत असा निष्कर्ष आहे कीं, आक्रमणाचा निर्णय फार उशिरां झाला. आर्जेन्टिनाचा राटेनबाख अहवाल इ. स. १९८३ चाच, पण तो सरकारनें अधिकृतपणें खुला केला २०१२ मध्यें; त्यांत आपल्याच सेनापतींच्या उतावीळपणावर कडक ताशेरे आहेत. हे दोन्ही अहवाल एकाशेजारीं एक ठेवून वाचले असतां आमचा ग्रह असा झाला कीं, आरमारानें व्यापाऱ्याच्या कराराआड आपलें काम साधूं पाहिलें आणि व्यापाऱ्यानें आरमाराच्या जहाजांत आपला भाडेखर्च वांचविला. दोघांचे हेतु निराळे होते, जहाज मात्र एकच होतें. इंग्रजांस दाराशीं त्या दोघांस निरनिराळें करतां आलें असतें, तर मजुरांस कागद देऊन कामास लावणें अवघड नव्हतें. तसें न होतां ४१ मजुरांवर गाजवावयाचा हुकूम एका राष्ट्रावर गाजवावा लागला.

इ. स. १९८५ मध्यें साउथ जॉर्जिया फॉकलंडपासून तोडून निराळा प्रांत करण्यांत आला. ग्रिटविकेन येथील जुन्या व्यवस्थापकाच्या घरांत १९९२ मध्यें वस्तुसंग्रहालय उघडलें. २००३-०४ मध्यें तेथील धोक्याच्या इमारती काढून, ‘आल्बाट्रॉस’ व ‘डायस’ हीं बुडालेलीं जहाजें वर काढून नीट ठेवण्यांत आलीं. लीथ, स्ट्रॉमनेस व हुस्विक येथील लोखंड, ज्याचा करार १९७९ मध्यें झाला होता, तें अद्याप तेथेंच गंजत उभें आहे. छपरांचे पत्रे वाऱ्यानें उडतात, आणि जुन्या नळांभोंवतीं गुंडाळलेलें ॲस्बेस्टॉस सुटून हवेंत मिसळतें. म्हणून ह्या ठाण्यांच्या २०० मीटरांच्या आंत परवान्याशिवाय कोणीं जाऊं नये असा तेथील सरकारचा नियम आहे.